सहा आकडे आणि एक सुरमई

तोंडवली
१९ जानेवारी २००२

सुदेशा,

पत्र मिळालं. "माझा पत्र्याचा डबा कपाटावर राहिलाय, तेवढा पार्सल कर." दिवाळीत गेलेल्या मुलाने संक्रांत उलटल्यावर आईला लिहिलेलं हे पहिलं पत्र. आईची चौकशी नाही, बाबांची तर नाहीच. डब्याची मात्र आहे.

डबा मी उघडला. आई उघडणार नाही असं तुला वाटलं असेल तर तू मला अजून ओळखलंच नाहीस. आत फासे, पेन्सिली, आखलेले कागद आणि कागदांवर शिंगं असलेली माणसं. मला वाटलं, पोरगा पुण्यात जुगाराला लागला. शेजारच्या तुळसाला बोलावून दाखवलं. तिने सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, जुगार नाय गो ह्यो. जुगाऱ्याक चित्रा काढूक वेळ खंय असता?" नवरा गेल्यापासून तुळसाने एकटीने संसार ओढलाय, तिला माणसं कळतात. म्हणून मी जरा थंड झाले.

तर ऐक. हा काय प्रकार आहे ते मला समजेल असं लिहून पाठव, मगच डबा घराबाहेर पडेल. आणि फोन करू नकोस. फोन तुझे बाबाच उचलतात. मागे तुझा आवाज ऐकला तेव्हा रिसिव्हर टेबलावर उताणा ठेवून ते समुद्रावर निघून गेले. दिवसभर कोणाचा फोन लागेना. मालवणहून माझा भाऊ घाबरून रिक्षा करून आला.

भांडणात मी तुझ्या बाजूची आहे, पण अर्धीच. मित्र पहिल्यांदा घरी आले, त्यांना सुरमई खाऊ घालावी असं वाटणं काही पाप नाही. पण वाळूवर वाटे मांडलेले, दाजी ढिगांकडे पाठ करून एकेकाचं नाव घेतोय, रापणीचं जाळं ओढणारी सगळी वाडी उभी आहे, आणि तू आपल्या नावाचा बांगड्यांचा वाटा सोडून शेजारचा सुरमईचा उचललास. वाटे घालणारा कोण, तर तुझाच बाप. ते "खाली ठेव" म्हणाले तर तू सगळ्यांदेखत म्हणालास, "माझो वाटो मीच निवडतलंय." मग त्यांच्याही तोंडून निघालं, की अशाने ह्या वाळूत पाय ठेवू नये. वाळूत म्हणाले रे ते, घरात नाही म्हणाले. तू दोन्ही एकच धरलंस आणि भरल्या ताटावरून उठून पुणं गाठलंस.

थंडीत कानाला रुमाल बांध. गळ्यात नुसता लटकवून फिरू नकोस.

तुझी आई (सुगंधा गुणाजी, विसरला असशील म्हणून)


तोंडवली
११ फेब्रुवारी २००२

सुदेशा,

आता कळलं. एवढं सोपं होतं तर आधीच सांगायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आम्ही दशावताराला जाऊन दुसऱ्याने केलेला राजा बघत बसतो, तुम्ही घरात बसून स्वतःच राजे होता. मला ह्यात काही वाईट दिसत नाही.

माणूस तयार कसा करायचा तेही समजलं. सहा गुण: बळ, चपळाई, तग, बुद्धी, शहाणपण आणि छाप. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. असं सहा वेळा. मग ते आकडे गुणांना द्यायचे. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे धरलेत हे मला फार पटलं. तुझ्या बाबांकडे एक भरपूर आहे आणि दुसरं दिवाळीपासून दिसलेलं नाही. कुठलं ते तू ओळख.

परवा दुपारी मी, तुळसा आणि दाजी मिळून एक माणूस केला. बाईच केली. नाव भागीरथी. तलवारवाली. फासे तुळसाने टाकले. आकडे आले सोळा, चौदा, तेरा, अकरा, नऊ, सहा. ते मी खडूने जमिनीवर लिहिले. दाजीला म्हटलं, "दाजीनू, भिंतीकडे तोंड करा." त्याला काही सांगावं लागलं नाही, त्याचा जन्म पाठ करण्यात गेलाय. मी एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारायचं, "हो कोणाचो?" आणि त्याने गुणाचं नाव घ्यायचं. सहावर बोट ठेवलं तर म्हणाला, "बळाचो." सोळावर ठेवलं तर म्हणाला, "छापीचो." तुळसा हसून हसून लोळायची बाकी राहिली. तलवारवाली, पण तलवार उचलायची ताकद नाही.

तर भागीरथीचा कागद सोबत पाठवतेय. तिला तुमच्या खेळात घ्या. मी तर तिथे नाही, माझ्या वतीने रविराजला खेळू दे. दिवाळीत त्याने माझ्या सोलकढीचे चार पेले रिचवले होते, त्याला माझी कदर आहे. पण भागीरथी काय बोलणार ते मी पत्रातून सांगणार. तिने उगाच कोणावर हात उचललेला मला चालणार नाही.

हे ओसरीवर जाळं शिवत बसले होते. आमच्याकडे पाठ होती. पण सुई बराच वेळ एकाच गाठीत अडकली होती.

आई


तोंडवली
९ मार्च २००२

सुदेशा,

तू लिहितोस, "आई, चुकलं. आकडे ज्याचे त्याने लावायचे असतात. तलवारवाल्या बाईला बळ सहा कोण देतं?"

दाजी देतो.

हसण्यावारी नेत नाही. रविराजलाही हे वाचून दाखव, म्हणजे आमच्याकडची रीत त्यालाही कळेल. रापण म्हणजे एक लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर सगळ्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचे. जो ओढेल त्याचा वाटा. म्हाताऱ्याचा असतो, तुळसासारख्या बाईमाणसाचा असतो, जाळ्याचा असतो, देवाचा असतो. मासे काही मोजून मापून सारखे येत नाहीत. वाटे घालणारा कितीही सरळ असला तरी एका ढिगात सुरमई जाते, दुसऱ्यात नुसती बारकी तारली. मग ज्याला ढीग दिसत नाहीत असा एकजण पाठ करून उभा राहतो आणि नावं घेतो. ज्याच्या नावाला जे आलं ते त्याचं. आपला वाटा आपण उचलायचा नाही. कारण आपण उचलायला लागलो की ताकदवान आधी उचलणार आणि तुळसा शेवटी. एवढंच आहे त्यात. बाबांनी हे तुला लहानपणी समजावलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना वाटतं, किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला हे सांगावं का लागावं. त्यांची छाप चारच्या वर नाही.

पण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला लागली. "आपल्या घरात मला खेळातसुद्धा काही निवडता येत नाही." ती मी तीनदा वाचली आणि मला रडू आलं. लपवत नाही. बाबांनी तुला न विचारता रापणीत उभं केलं, न विचारता आचऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं, हे मला माहीत आहे. चित्रं काढायच्या नोकरीला पुण्याला जातो म्हणालास तेव्हाही ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, तीन दिवस जेवताना पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नाही. तुला ते कसं वाटलं असेल ते मला कळतं.

म्हणून ती ओळ मी मोठ्याने वाचली. तुळसाला वाचून दाखवते असं दाखवलं. हे दारातच होते. ऐकलं आणि चपला घालून गेले. एक चप्पल माझी होती.

आणखी एक. हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. तू गेल्यावरही दाजी तुझं नाव घेतो. पहिल्याच दिवशी यादीत तुझं नाव आलं तेव्हा सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे काठीने पुढचा ढीग दाखवत म्हणाले, "थांबलास कित्याक? फुडे घे." तेव्हापासून रोज तुझा वाटा निघतो आणि तुळसाच्या टोपलीत जातो. गावाला गेलेल्याचा, आजाऱ्याचा वाटा असाच काढतात. तू ह्यांच्या लेखी आजारी आहेस की गावाला गेलायस ते मी विचारलेलं नाही.

सोबत कुळीथ पीठ पाठवलंय. डबा नाही पाठवला. आता तो आम्हाला लागतो.

आई


तोंडवली
१४ एप्रिल २००२

सुदेशा,

भागीरथीची हकिकत वाचून वाडीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पुलावरचा राक्षस वाट अडवून बसला तेव्हा रविराजने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं हे छान केलं. "सकाळधरना हयसर बसलंस, काय खाल्लंस काय नाय?" राक्षस झाला म्हणून काय झालं, त्याला हे कोणी विचारलं नसणार. फासा पडला आणि त्याने पूल तर मोकळा केलाच, वर कंदिलही दिला. सोळाची छाप म्हणतात ती ही. तुझ्या पुण्याच्या मित्रांच्या अठरा बळाच्या तलवारी तेवढा वेळ म्यानातच राहिल्या ना? दाजी आता म्हणतोय, माझी पाठ शहाणी आहे.

आता मुख्य गोष्ट. बसून वाच.

परवा मी पेजेला तांदूळ धूत होते. ओसरीवर फासे वाजले. तुळसा असेल म्हणून मी वाकून पाहिलं, तर हे. चष्मा लावून, डबा मांडीवर घेऊन. मला पाहून दचकले, पण डबा खाली ठेवला नाही.

"चार टाकूचे आणि एक सोडूचो," म्हणाले. "सोडलेलो खंय जाता?"

"खंय नाय," म्हटलं. "सोडलो तो सोडलो."

"म्हणजे फुकट?"

"खेळ असा वो तो."

"खेळ झालो म्हणान काय झाला? लहान म्हणान टाकतत काय कोण?" आणि सोडलेला प्रत्येक आकडा त्यांनी वेगळा लिहायला लावला. "देवाचो म्हणान ठेव." तुमच्या नियमात हे बसत नसेल, तर बसवून घ्या. आमच्याकडे देवाचे सहा बारके आकडे जमले आहेत, कधी लागले तर कळव.

सहा वेळा त्यांनी फासे टाकले. हात किनाऱ्यावर काठी धरतो तसाच गंभीर. आले सतरा, पंधरा, बारा, बारा, दहा आणि पाच. मी म्हटलं, थांबा, दाजीला बोलावते, पाठ करायला.

"नको," म्हणाले.

"मगे काय मी करू पाठ?"

"कोणी पाठ करूची नाय. आकडे तेका धाड. खंय काय लावूचा ता तेणा ठरवूचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. ज्या माणसाने लग्नात कोणत्या बाजूला बसायचं हेसुद्धा स्वतः निवडलं नाही, भटजींना विचारलं, तो म्हणतोय तेणा ठरवूचा. "तेका" म्हणजे कोणाला, असं मी मुद्दाम विचारलं. नाव निघतं का बघावं म्हणून. नाव काढलं नाही. चष्मा पुसला. मग म्हणाले, "सतरा बरो आकडो आसा. वाया घालवू नको म्हणान सांग."

तर हे ते सहा आकडे. माणूस बाबांचा आहे, आकडे लावायचे तू. मी ह्यात एक शब्द बोलणार नाही. फक्त पाच छापीला लावलास तरी ते रागावणार नाहीत, त्यांना स्वतःचा अंदाज आहे.

आंबे अजून कच्चे आहेत. पिकले की कोणासोबत तरी पाठवीन, किंवा पाठवणार नाही, इथे येऊन खाशील.

आई


तोंडवली
८ मे २००२

सुदेशा,

तू आणि तुझा बाप, दोघे मिळून मला वेड लावणार आहात.

बाबांनी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी "तू निवड" म्हटलं. आणि तू काय करतोस, तर सहाच्या सहा आकडे परत पाठवतोस. "बाबांचे आकडे मी लावणार नाही. दाजीकाकांना पाठ करून उभं करा, ते नाव घेतील तसं." दिवाळीत हे सुचलं असतं तर? पण असो. वाचून मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की भात करपला.

पत्र मी ह्यांच्या हातात दिलं. वाचून घडी केली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. दाजी आलाच होता. तो म्हणाला, "उभो ऱ्हवू काय?" आणि सवयीने भिंतीकडे वळलाही.

हे म्हणाले, "नको. तेका दिलंय ते दिलंय."

"मगे परत धाडूया," मी म्हटलं.

"तो परत हयसर धाडतलो."

"मगे आपण परत धाडू. टपालवाल्याक काम."

तुळसा म्हणाली, असं करता करता माणूस जन्मायच्या आधीच म्हातारा व्हायचा. ह्यांना हसू आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा, आणि तेही खाकरल्यासारखं करून लपवलं. मग उठता उठता म्हणाले, "हयसर येऊन लाव म्हणा. मी समोर बसतलंय, दाजी पाठ करतलो, तेका काय व्हया ता करूंदे." आणि दारातून मागे वळून, "रापण महिनाअखेरपर्यंत आसा. मगे बंद. सांग तेका."

मी शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. रापणीचं कशाला सांगितलं ते तुला कळलंच असेल. वाळूत पाय ठेवायचं म्हणतायत ते.

रजा मिळते का बघ. नाही मिळाली तर साहेबाला सांग, आई आजारी आहे. मी दोन दिवस खोकून ठेवते, म्हणजे खोटं होणार नाही.

आई


तोंडवली
२४ मे २००२

सुदेशा,

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी तू येशील, त्याच्या आधी हे कुठे पोचणार? डब्यावर ठेवते, तू डबा उघडायला जाशीलच.

आज रापणीवर जे झालं ते तुला सांगायचं नाही, अशी ह्यांनी मला ताकीद दिली आहे. म्हणून सांगत नाही, लिहिते.

जाळं बरं लागलं. बहुतेक बांगडे आणि थोडी तारली. सुरमई एकच, पण हातभर. ह्यांनी वाटे घातले. सुरमईच्या ढिगात बाकी काहीच ठेवलं नाही, नेहमीसारखं वजनाला वजन. दाजी माडांकडे तोंड करून उभा राहिला. हे काठी टेकवून विचारत गेले, "हो कोणाचो?" तुळसाचो. जाळ्याचो. देवाचो. सुरमईवर काठी आली. मी मनात रामेश्वराला हाक मारली. दाजी म्हणाला, "दाजीचो."

स्वतःचंच नाव. त्याला काय माहीत. पुढच्या ढिगाला म्हणाला, "सुदेशाचो." बांगडे. दिवाळीत होते तसेच.

सगळी नावं संपली. संपली की दाजी वळतो आणि लोक टोपल्या पुढे करतात. आज हे काठी धरून तसेच उभे. मग घसा साफ केला.

"दाजी, उद्या सुदेश येता."

नाव घेतलं, सुदेशा. किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

"ठावक आसा," दाजी म्हणाला.

"तर तुझो वाटो," म्हणाले आणि थांबले. ह्या माणसाने आयुष्यात वाट्याला आलेला मासा बदलून मागितला नाही. मानेपर्यंत लाल झाले. "तुझो वाटो बदलून देतस?"

आणि तुझा दाजीकाका, ज्याने आत्ता वळून आपली सुरमई टोपलीत घालायची होती, तो माडांकडे बघतच म्हणाला, "गुणाजी, मी अजून वळाक नाय. माझो वाटो खयचो ता माका म्हायत नाय. काय ता उरकून घे."

हे ऐकून तुळसा समुद्राकडे वळली. मग होडीवरचा लवू वळला, मग दोरवाले, मग सगळेच. चाळीस माणसं रिकामा समुद्र बघत उभी, जणू तिथे हत्ती आला होता. मी वळले नाही. मी आई आहे, मी बघणार. ह्यांनी वाकून सुरमई दोन्ही हातांनी उचलली आणि तुझ्या ढिगात ठेवली. तुझे बांगडे दाजीच्या जागी नेले. त्यावर आपल्या वाट्याचेही सगळे ओतले, एक ठेवला नाही. हातांची वाळू झाडली आणि म्हणाले, "वळ आता."

दाजी वळला, ढीग पाहिला आणि म्हणाला, "बरो वाटो इलो रे माझो."

घरी आल्यावर हे थेट विहिरीवर गेले. विहिरीशी पाय धुताना एवढंच म्हणाले, "तेका सांगू नको." मी म्हटलं, नाही सांगत.

सुरमई बर्फात ठेवली आहे. उद्या दुपारी तुकड्या करून तव्यावर टाकीन. ताटावर बसलास की सुरमई कोणाच्या वाट्याची असं विचारू नकोस. हे वाढायला घेतील, तुला नको असलेला शेपटीकडचा तुकडाच आधी उचलतील, त्यांना त्यातलं कळत नाही. त्यांच्या हातातून उलथनं घे आणि तुझा तुकडा तू निवड.

आई